टॅरँटुला नव्या घरात रुळताना

नव्या पेटीत सोडलेला टॅरँटुला, म्हणजे मोठा केसाळ कोळी, पहिल्या रात्री बहुधा मातीवर टेकतच नाही. काचेवर चढतो, झाकणाजवळच्या कोपऱ्यात जाऊन बसतो, नाहीतर सगळे पाय अंगावर ओढून घेऊन एका जागी गोळा होऊन राहतो. सकाळी माझ्या दुकानात फोन येतो, "ताई, पेटीत काहीतरी गडबड आहे, परत आणू का?" पेटी सहसा ठीक असते. कोळी नव्या जागेचा अंदाज घेत असतो, आणि त्याला त्या वेळी आपल्याकडून काहीही नको असतं. ते 'काहीही नको' सांभाळायला मात्र आधी बरीच तयारी करावी लागते.

रविवार पेठेत आमचं फोटोफ्रेमचं दुकान आहे. तसबिरी मढवणं वडिलांच्या काळापासून चालत आलंय. काचेच्या आणि ॲक्रिलिकच्या कोळी-पेट्या मी सुरू केल्या, कारण माझ्या घरीच एक कोळीण आहे. टलिल्टोकॅटल अल्बोपिलोसस, म्हणजे कुरळ्या केसांची, मूळची मध्य अमेरिकेतल्या होंडुरास-निकाराग्वाकडची. आम्ही तिला गोदा म्हणतो. पेटी न्यायला येणाऱ्याला मी काउंटरवर जे सांगते ते घाईत अर्धं राहून जातं, म्हणून इथे नीट लिहिते आहे.

पेटी आधी, कोळी नंतर

पेटी ॲक्रिलिकची असेल तर ती कशाने जोडली आहे ते विचारा. आमच्या धंद्यात ॲक्रिलिक चिकटवायला क्लोरोफॉर्म किंवा तसलंच द्रावण वापरतात. सांधा मिनिटांत पक्का होतो, पण वास आत कोंडून राहतो. काचेच्या पेटीला सिलिकॉन लागतं आणि ते सुकेपर्यंत व्हिनेगरसारखा आंबूस वास येत राहतो. नाक पेटीत घालून हुंगा. जरासाही वास आला तरी झाकण काढून ती गॅलरीत सावलीत उघडी ठेवा. मी आठवडाभर वारं लागल्याशिवाय पेटी देत नाही. कोळ्याची फुप्फुसं पोटाच्या खालच्या बाजूला, अगदी मातीलगत असतात. जड वाफ तळाशी साचते आणि तो तिथेच बसलेला असतो.

त्यानंतर उंची. गिऱ्हाईक उंच पेटी मागतं, कारण ती कपाटावर शोभून दिसते. जमिनीवर राहणाऱ्या कोळ्यासाठी मी ती देत नाही, किंवा मग तिच्यात निम्म्याहून जास्त माती भरायला सांगते. या कोळ्यांचं पोट जड आणि त्यावरची कातडी पातळ असते. काचेवरून घसरून उंचावरून पडला तर पोट फुटतं, आणि पोट फुटलेला कोळी सहसा वाचत नाही. हिशेब असा : पाय पसरल्यावर कोळी टोकापासून टोकापर्यंत जितका भरतो, त्याच्या दीडपटीपेक्षा जास्त अंतर माती आणि झाकण यांच्यात नको. गोदा पाच इंचांची आहे, तर तिच्या मातीवर सात-साडेसात इंच मोकळी जागा, बाकी सगळी माती. पेटीची लांबी त्याच मापाच्या तिप्पट-चौपट असली की पुरे. फार मोठी पेटी दिली म्हणून तो जास्त खूश होत नाही. फक्त त्याचा मुक्काम कुठे आहे हे शोधायला तुम्हाला वेळ लागतो.

झाकणाला तारेची जाळी लावू नका. पायांच्या टोकाला बारीक नख्या असतात, त्या जाळीत अडकतात आणि कोळी उलटा लटकतो. ओढाताणीत पाय तुटतो. मी समोरासमोरच्या दोन बाजूंना ड्रिलने भोकं पाडते, एका बाजूला खाली आणि दुसऱ्या बाजूला वर, म्हणजे हवा आरपार खेळते. भोक किती मोठं हे कोळ्याच्या डोक्याकडच्या टणक कवचावरून ठरवायचं. पोट दबतं, कवच दबत नाही. कवच जिथून जाईल तिथून अख्खा कोळी जातो. पिल्लांच्या पेटीला म्हणूनच एक-दीड मिलिमीटरपेक्षा मोठं भोक नको. आणि झाकणाला कडी हवीच. टॅरँटुला झाकण ढकलतो, आणि त्याच्या मानाने चांगल्या जोराने ढकलतो.

मातीसाठी कोकोपीट, म्हणजे नारळाच्या काथ्याचा भुसा, उत्तम. नर्सरीत वीट मिळते ती कोरी घ्या. तयार 'पॉटिंग मिक्स' घेऊ नका, कारण त्यात खत असतं आणि पुष्कळदा निंबोळी पेंडही मिसळलेली असते. कडुनिंबातलं ॲझाडिरॅक्टिन किड्यांच्या कात टाकण्याच्या क्रियेत बिघाड करतं; म्हणूनच तर माळी ते वापरतात. आपल्याला तर कात टाकणाराच जीव सांभाळायचा आहे. वीट भिजवा, दोन-तीन पाण्यांत धुऊन खारटपणा काढा, जुन्या पंचात घट्ट पिळा आणि वर्तमानपत्रावर पसरून वाळवा. मूठ आवळली तर पाणी गळू नये, पण गोळा व्हावा, इतकी ओल तळाशी. वरचा थर कोरडा. भरताना प्रत्येक थर तळहाताने दाबून बसवा. भुसभुशीत माती पायाखाली सरकते आणि बीळ ढासळतं.

लपायला जागा हवी, ती विकत आणायची गरज नाही. नारळाची अर्धी करवंटी, नाहीतर कुंभाराकडची लहान कुंडी उभी अर्धी करून आडवी पुरलेली. कडा घासून गुळगुळीत करा. तिच्या आतल्या बाजूला बोटभर खोल, तिरका खड्डा करून ठेवा. पुढचं खोदकाम कोळी स्वतः करतो. झाडावर राहणाऱ्या जातींना हे सगळं उलटं : उंच पेटी, माती थोडी, आणि उभी टेकवलेली झाडाची जाड साल किंवा मोठ्या व्यासाचा बांबू. पाण्यासाठी उथळ वाटी. तिच्यात स्पंज किंवा कापूस घालू नका. तो सडतो, आणि कोळी साध्या पाण्यावर तोंड टेकवून व्यवस्थित पितो.

माझ्या पेट्यांमध्ये मी एक गोष्ट वेगळी करते. पाण्याच्या वाटीच्या बरोबर वर झाकणात एक भोक आणि त्याला रबरी बूच. त्यातून सिरिंजने पाणी घालता येतं, झाकण उघडावं लागत नाही. पहिल्या काही आठवड्यांत याचा किती उपयोग होतो ते पुढे येईलच. तुमच्याकडच्या पेटीलाही ड्रिलवाल्याकडून असं भोक पाडून घ्या, पण पेटी रिकामी असताना.

कधी हलवायचं

कात टाकायच्या तोंडावर असलेला कोळी हलवू नका. तो आधीच खाणं सोडतो, मंद होतो, पोट चकचकीत ताणलेलं दिसतं. अमेरिकेतल्या जातींमध्ये पोटावर केस झडून टक्कल पडलेलं असेल तर ते काळपट व्हायला लागतं. अशा वेळी जुनी पेटी कितीही लहान वाटली तरी थांबा. कात टाकून झाल्यावरही लगेच नको. सुळे पांढरे असतात, मग लाल होतात, आणि काळे होईपर्यंत अंग कच्चं असतं. मोठ्या कोळ्याला याला दहा-पंधरा दिवस सहज लागतात.

आता पुण्याचं पंचांग. कोळ्याला दिसतं कमी. त्याचं जग थरथरीवर चालतं; पायांवरचे बारीक केस हवेची हालचाल टिपतात आणि पायांच्या कवचातल्या फटी जमिनीचा कंप ओळखतात. आमचं घर नारायण पेठेत. गणपतीच्या आधी नदीपात्रात ढोल-ताशा पथकांचा सराव सुरू होतो तेव्हापासून संध्याकाळी खिडकीच्या काचा वाजतात, आणि विसर्जनाची मिरवणूक तर दुसरा दिवस उजाडला तरी संपत नाही. रुळलेला कोळी अशा वेळी बिळात जाऊन बसतो. ज्याला अजून बीळच नाही तो कुठे जाईल? म्हणून गणपतीच्या आधीचे आणि नंतरचे काही आठवडे मी कुणालाच कोळी हलवायला सांगत नाही. दिवाळीच्या फटाक्यांचंही तेच. तुमचं घर मिरवणुकीच्या रस्त्यापासून लांब असेल तर हा प्रश्न येणार नाही, पण फ्रिजच्या डोक्यावर, वॉशिंग मशिनच्या शेजारी किंवा मिक्सर असलेल्या ओट्यावर पेटी ठेवलीत तर वर्षभर तुमच्या घरात मिरवणूकच आहे असं समजा. भिंतीला लागून असलेलं, घट्ट बसलेलं लाकडी कपाट, खालून दुसरा खण, ही माझी आवडती जागा. एप्रिल-मेमध्ये वरच्या मजल्यावरचा स्लॅब तापतो तेव्हा खालचा खणच थंड राहतो, आणि डिसेंबर-जानेवारीत थंडीच्या झोताला तो खिडकीपासून दूर असतो. घरात आपल्याला जे तापमान सुखाचं वाटतं ते बहुतेक जातींना चालतं. बल्ब, हीटर, खाली तापणारी मॅट यांची पुण्यात गरज नाही. पेटीवर ऊन मात्र कधीही, पाच मिनिटंसुद्धा पडू देऊ नका. काचेत ते साचतं.

आणि औषधं! हे मी दोनदा सांगते, कारण माझ्या ओळखीतले जे कोळी अचानक गेले त्यांतल्या बहुतेकांच्या घरात नुकतंच काहीतरी फवारलेलं होतं. डास पळवणाऱ्या लिक्विडमध्ये, कॉइलमध्ये, मुंग्यांच्या खडूत, झुरळांच्या स्प्रेत पायरेथ्रॉइड जातीची रसायनं असतात. ती सहा पायांच्या आणि आठ पायांच्या जिवात फरक करत नाहीत. कोळ्याच्या खोलीत यातलं काही नको. डासांसाठी मच्छरदाणी लावा. सोसायटीत पेस्ट कंट्रोल असेल तर तारीख आधी विचारून घ्या आणि त्या दिवशी कोळी दुसऱ्या घरी न्या. पावसाळ्यात डेंगीमुळे धूरफवारणी होते तेव्हा त्या बाजूच्या खिडक्या बंद करून दाराखाली ओला टॉवेल लावा. घरात कुत्रा असेल आणि त्याच्या मानेवर गोचिडांचं औषध लावलं असेल, तर त्याला हात लावून झाल्यावर साबणाने हात धुतल्याशिवाय पेटी उघडू नका.

हलवण्याची दहा मिनिटं

यात फार गुपित नाही. न्हाणीघर निवडा, मोरीच्या जाळीवर फडकं टाका, दार लावा, जमिनीवर बसा. उंचावरचं काम नको. एक पारदर्शक डबा, एक जाड पुठ्ठा, एक मऊ रंगकामाचा ब्रश. डबा कोळ्यापुढे आडवा धरा आणि ब्रशने मागच्या पायांना हलकं टेकवा; तो स्वतःच आत चालत जातो. ब्रश डोक्याशी नेऊ नका, आणि फुंकर तर अजिबात मारू नका. डबा नव्या पेटीत करवंटीच्या तोंडाशी आडवा ठेवा आणि झाकण लावून खोलीतून बाहेर पडा. तो बाहेर यायला तासभर लावेल किंवा रात्र लावेल. जुनी पेटी लहान असेल तर ती उघडून अख्खीच नव्या पेटीत ठेवायची. हे त्याहून सोपं. जुन्या घरातली करवंटी आणि जाळं लागलेली मूठभर माती सोबत घ्या. त्याचं स्वतःचं जाळं त्याच्या ओळखीचं असतं.

अमेरिकेतल्या जाती मागच्या पायांनी पोटावरचे खाजरे केस उडवतात. अंगाला खाज सुटते ती उतरते, पण डोळ्यात गेले तर हे केस बुबुळात रुतून राहतात. म्हणून चष्मा, पूर्ण बाह्या, हातमोजे. गेलेच डोळ्यात तर चोळू नका, पाण्याने धुवा आणि डोळ्यांच्या डॉक्टरांकडे जाऊन काय झालं ते स्पष्ट सांगा. आशिया-आफ्रिकेतल्या जातींना असे केस नसतात. त्या वेगाने पळतात आणि चावतात, आणि त्यांतल्या पेसिलोथेरिया या प्रजातीच्या दंशाने स्नायूंत पेटके येतात ते पुष्कळ दिवस छळतात. अशा कोळ्यासाठी दुसरा माणूस सोबत असल्याशिवाय डबा उघडू नका.

इथे एक गोष्ट खेदाने लिहावी लागते. पेसिलोथेरिया हा आपल्या आणि श्रीलंकेच्या जंगलातला कोळी आहे. सह्याद्रीतही टॅरँटुलाच्या स्वतःच्या जाती आहेत. थ्रिग्मोपियस रस्त्याकडेच्या मातीच्या दरडीत बिळं करून राहतो, आणि घाटात रस्ता रुंद झाला की ती वसाहतच जाते. जंगलातून पकडून आणलेला कोळी कुणी देऊ केला तर घेऊ नका. पेसिलोथेरियाची पूर्ण प्रजाती 2019 पासून साइट्सच्या, म्हणजे वन्यजीवांच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावरच्या कराराच्या, दुसऱ्या परिशिष्टात आहे, आणि लाल गुडघ्यांच्या मेक्सिकन कोळ्याची ब्रॅकिपेल्मा त्याआधीपासून. वन्यजीव कायद्यात 2022 साली दुरुस्ती झाल्यापासून या यादीतले परदेशी जीव पाळणाऱ्याला नोंदणी करावी लागते, आणि 2024 च्या नियमांनुसार ती केंद्रीय पर्यावरण मंत्रालयाच्या परिवेश पोर्टलवर होते. कोळी घेतानाच कागद मागा. आणि नाद सुटला म्हणून वेताळ टेकडीवर किंवा सिंहगडाच्या पायथ्याशी नेऊन सोडणं हा मार्ग कधीच नाही. अनुभवी पाळणाऱ्याला द्या.

आता हात मागे

पेटी जागेवर ठेवली की मी तीन बाजूंना बाहेरून माउंट बोर्डचे तुकडे लावते. फोटोच्या कडेला जो जाड कागद असतो तोच. जुनं कॅलेंडरही चालेल. कोळ्याला काचेपलीकडे माणसं हलताना कळत राहिली तर तो बिळाचं काम हाती घेत नाही. चौथी बाजू भिंतीकडे. म्हणजे तुम्हालाही काही दिसत नाही, आणि पहिल्या आठवड्यात तेच बरं. पाहुण्यांना दाखवणं, टॉर्च मारणं, फ्लॅश टाकून फोटो, पेटी उचलून दुसऱ्या खोलीत नेणं, सगळं बंद. घरातल्या मुलांना हे सर्वांत अवघड जातं, म्हणून त्यांना काम द्या : एका वहीत रोज एकदा तारीख आणि कोळी कुठे बसलाय ते लिहायचं. पुढे काही बिघडलं तर हीच वही सर्वांत उपयोगी पडते.

या दिवसांत काय काय दिसेल? काचेवर चढणं. कोपऱ्यात गोळा होऊन बसणं. पाण्याच्या वाटीत माती भरून ठेवणं. रात्रभर चालत राहणं आणि दिवसा निपचित. खाण्याकडे ढुंकूनही न बघणं. बिळाचं तोंड आतून मातीने आणि जाळ्याने लिंपून घेणं आणि मग दिवसेंदिवस दर्शनच नाही. हे सगळं ठीक आहे. विशेषतः शेवटचं, कारण दार लावून बसलेला कोळी म्हणजे घर आपलं मानलेला कोळी. त्याला उकरून 'जिवंत आहे ना' बघणं हा सगळ्यात मोठा छळ आहे. तो जिवंत असतो. तुम्ही बीळ मोडता आणि त्याला पहिल्या दिवसावर नेऊन ठेवता.

एक अपवाद लक्षात ठेवा. काचेवरून उतरतच नसेल, पाय मातीला लागू नयेत असा टाचा उंचावून चालत असेल, आणि असं बरेच दिवस चाललं असेल, तर माती ओली आहे. कोरड्या मुलखातल्या जातींना ओल्या मातीचा फार तिटकारा असतो. पेटीचं झाकण न उघडता हवेशीर जागी ठेवा, पाणी फक्त वाटीत घाला, वरचा थर आपोआप वाळतो. पावसाळ्यात पुण्याच्या हवेतच इतकी ओल असते की मी जून ते सप्टेंबर मातीवर पाणी शिंपडतच नाही. उलट मे महिन्यात वाटी पटकन आटते आणि रोज बघावी लागते. त्या बुचाच्या भोकातून सिरिंज घालून भरा. वाटी भरलेली असणं ही एकच गोष्ट या काळात तुमच्या हातात आहे, तेवढी चुकवू नका.

खायला सात-दहा दिवस काही टाकू नका. नव्या जागी घाबरलेल्या कोळ्याच्या अंगावर जिवंत झुरळ सोडलं तर तो शिकार करत नाही, पळतो. मग एक लहानसं द्या, त्याच्या पोटापेक्षा लहान. ड्यूबिया झुरळ किंवा रातकिडा, पाळलेला. स्वयंपाकघरातलं झुरळ पकडून देऊ नका, ते कुठलं विष खाऊन आलंय कुणास ठाऊक. दुसऱ्या दिवशी तसंच असेल तर काढून घ्या. हे काढणं टाळू नका. कोळी कात टाकायला आडवा झाला तर रातकिडा त्याला कुरतडतो. पुन्हा आठवड्याने द्या. मोठी कोळीण खाल्ल्याशिवाय आठवडे नाही, महिने काढते. आमच्या सासूबाईंना हे पटायला फार वेळ लागला. घरात कुणी उपाशी आहे हे त्यांना बघवत नाही, आणि त्यांच्या त्या काळजीचा मला आदर आहे. त्यांना मी पोट बघायला शिकवलं : पोट पुढच्या कवचाइतकं किंवा त्याहून मोठं, गुबगुबीत असेल तर भूक नाही. सुरकुतलेलं आणि कवचापेक्षा लहान झालं तर काळजी करू.

खरी काळजी कधी करायची

उताणा पडला असेल तर तो मेला नाही, कात टाकतो आहे. हात लावू नका, सरळ करू नका, पेटी हलवू नका. काही तास जातात. पेटीत किडा असेल तर तेवढा अलगद चिमट्याने काढा, बस.

सरळ उभा असून पाय पोटाखाली मुडपून मुठीसारखे होत असतील तर मात्र गंभीर आहे. कोळ्याला पाय दुमडायला स्नायू आहेत. पसरायला तो शरीरातल्या द्रवाच्या दाबावर अवलंबून असतो. अंगातलं पाणी कमी झालं की दाब उतरतो आणि पाय आत ओढले जातात. पुढचा भाग उथळ वाटीच्या काठावर असा ठेवा की तोंड पाण्याला टेकेल. तोंड खालच्या बाजूला, सुळ्यांच्या मागे असतं. पोट पाण्याबाहेर हवं, कारण फुप्फुसं तिथे आहेत. काही तासांत पाय सैल पडायला लागले तर तहानेचंच होतं. ओल्या टिश्यूच्या बंद डब्यात कोंडून ठेवायची पद्धत काही जण सांगतात. मला ती पटत नाही. कोंदट हवेत दुसराच त्रास सुरू होतो.

पाय थरथरत असतील, चालणं तुटक आणि वेडंवाकडं असेल, प्रत्येक पाय वेगळ्या दिशेला जात असेल, तर विषाचा संशय घ्या. लगेच दुसऱ्या स्वच्छ डब्यात, पाण्याच्या वाटीसह, मोकळ्या हवेच्या खोलीत हलवा आणि जुनी माती फेकून द्या. पडून जखम झाली आणि फिकट निळसर द्रव येताना दिसला तर त्यावर चिमूटभर कॉर्नफ्लोअर दाबा, पोटाखालच्या फुप्फुसांवर जाऊ न देता. यापुढे एखादा प्राण्यांचा डॉक्टर गाठता आला तर उत्तम, पण कोळ्यांचा अनुभव असलेले मोजके आहेत, म्हणून फोन नंबर आधीच मिळवून ठेवा.

आठवडे गेले, माती कोरडी आहे, पाणी आहे, तरी येरझाऱ्या थांबत नाहीत? मग तोंडाशेजारच्या दोन आखूड पायांची टोकं बघा. ती मुष्टियोद्ध्याच्या हातमोज्यासारखी फुगलेली असतील तर तुमच्याकडे वयात आलेला नर आहे. तो मादी शोधतो आहे, आणि कुठलंही घर त्याला थांबवणार नाही. माद्या पंधरा-वीस वर्षं जगतात. नरांचं शेवटच्या कातेनंतर फार उरत नाही. त्याला पाणी द्या, खाल्लं तर खाऊ घाला.

पावसाळ्यात बारीक लाल मुंग्या पेटीत शिरल्या तर कात टाकणाऱ्या कोळ्याला त्या जिवंत खातात. खडू चालणार नाही हे वर सांगितलंच. जुन्या घरांत जाळीच्या कपाटाच्या पायांखाली पाण्याच्या वाट्या ठेवायचे तेच करा : पेटी चार पायांच्या लहान स्टुलावर, प्रत्येक पाय पाण्याच्या वाटीत, आणि स्टूल भिंतीपासून दोन बोटं दूर. वाट्यांतलं पाणी दर दोन दिवसांनी बदला, नाहीतर डास होतात. मातीवर पांढरी बुरशी दिसली तर तेवढा भाग चमच्याने काढून टाका आणि हवेची भोकं वाढवायचा विचार करा. त्यासाठी अख्खी माती बदलायची गरज नाही.

रुळला हे कसं ओळखायचं? संध्याकाळी दिवे मंद झाल्यावर बिळाच्या तोंडाशी पुढचे दोन पाय बाहेर काढून तो शांत बसलेला दिसतो, चाहूल लागली की काचेवर न पळता आत जातो, आणि टाकलेला किडा पकडतो. त्यानंतर दहा-पंधरा दिवसांनी एकदा खाणं पुरे. माउंट बोर्ड तिन्ही एकदम काढू नका. आधी बिळाच्या विरुद्ध बाजूचा, आठवड्याने दुसरा. बिळाकडच्या बाजूचा मी काढतच नाही. पूर्ण वाढलेल्या कोळ्याला ही पेटी पुढची कित्येक वर्षं चालते. वाढत्या वयाचा असेल तर त्याच्या तिपटीपेक्षा पेटी लहान दिसायला लागेपर्यंत पुन्हा हलवू नका, आणि हलवायचा झाला तर आधी नवी पेटी आठवडाभर गॅलरीत ठेवायला जागा करा.